मोबिल पॉचे ना

कोलकात्यात बिल्डरला प्रमोटर म्हणतात. बढती बहुधा त्याचीच होते, आपण फक्त घर रिकामं करायचं असतं. भवानीपूरमधलं आमचं जुनं भाड्याचं घर यंदा असंच प्रमोटरकडे गेलं आणि पन्नास वर्षांचा संसार जिन्याखालून बाहेर यायला लागला. आधी तीन छत्र्यांचे सांगाडे निघाले, मग माझ्या मुंजीतलं पळी-पंचपात्र, मग नागपूरहून आणलेला आणि इथे एकदाही न पेटवलेला पितळी बंब. सगळ्यात शेवटी, जिथे शिरायला मांजरही कचरायचं अशा कोपऱ्यातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाच नग निघाले.

इंजिन ऑईलचे एक-एक लिटरचे दोन पत्र्याचे डबे, सील शाबूत. पाच लिटरचा एक कॅन, निम्मा भरलेला, तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यावर रबर बँड. गिअर ऑईलचा एक डबा, ईपी नव्वद. ब्रेक ऑईलची एक बाटली, जिचं झाकण अर्धवट फिरवून कुणीतरी जेवायला उठलेलं. आणि प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात चिकटवलेली चिठ्ठी : 'दसरा १९९८. माल चांगला. लागेल.'

नमनाला घडाभर तेल म्हणतात ते आमच्याकडे असं शब्दशः निघालं.

बाबा रेल्वेत होते. आमची रेल्वे म्हणजे जुनी बंगाल-नागपूर रेल्वे, त्यामुळे नागपूरच्या माणसाने गार्डन रीचच्या कचेरीत येऊन बसणं हे नियतीने नव्हे, टाइमटेबलने ठरवलेलं होतं. रेल्वेच्या भांडारात वस्तूला तारीख नसली तर ती वस्तूच नाही असं समजतात. घरी आई लोणच्याच्या बरणीवर तारीख घालायची आणि बाबा तेलाच्या डब्यावर. माझा संशय असा की तेलही लोणच्यासारखं मुरतं, असं बाबांना मनातून वाटत असावं. आपल्यात ठेवलेली वस्तू वाढत्या भावात असते. मुरांबा मुरतो, तूप तर जितकं जुनं तितकं औषधी. मग अॅम्बॅसडरच्या ऑईलनेच काय घोडं मारलंय?

अॅम्बॅसडर आम्ही २००९ साली विकली. २०१४च्या मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्याने ती बनवणंच थांबवलं. कारखान्यामुळे नाव पडलेलं हिंदमोटर स्टेशन मात्र आहे, हावड्याच्या लोकल तिथे अजून थांबतात. गाडी गेली, कारखाना बंद पडला, चिठ्ठी लिहिणारे गेले. तेल तेवढं 'लागेल' म्हणत जिन्याखाली बसून राहिलं.

"टाकून द्या," बायको म्हणाली.

"अगं, सील आहे."

"एक्स्पायरी कुठाय?"

मी चष्मा लावून डबा फिरवला. बनवल्याचा महिना होता, साल होतं, किंमत होती, सर्व करांसहित होती. 'अमुक तारखेपूर्वी वापरा' हे कुठेच नव्हतं. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याला मृत्यूची तारीख असते आणि तेलाच्या डब्याला फक्त जन्माची. डबा माझ्या वयाचा होईपर्यंत ठेवला असता तरी छापील पुराव्यावरून तो तरुणच ठरला असता.

मग गल्लीतल्या मिस्त्रींना विचारलं. आधी एक सांगायला हवं : बंगालमध्ये इंजिन ऑईल नावाची वस्तू नाही, मोबिल आहे. कुठल्याही कंपनीचा डबा असो, आत मोबिलच. आपल्याकडे कुठलंही वनस्पती तूप डालडा, तसं. इंजिनातून काढलेलं काळं तेल म्हणजे पोडा मोबिल, जळकं मोबिल. मिस्त्रींनी डबा हातात घेतला, कानाशी हलवला, नारळ बघतात तसा, आणि निर्णय दिला.

"मोबिल पॉचे ना, दादा."

पन्नास वर्षं इथे काढूनही माझं मन अशा वेळी मराठीतच ऐकतं. मोबिल पचत नाही? अहो, ते पचवायला निघालंय कोण? मग आठवलं, बंगालीत पचणं म्हणजे कुजणं. मोबिल कुजत नाही, असं ते म्हणत होते. शेजारधर्म असलेल्या दोन भाषांत एवढा फरक चालायचाच. पण घरी येईपर्यंत मला वाटायला लागलं की माझा मराठी कानही अगदीच चुकला नव्हता.

कारण वंगणाचा आणि पोटाचा संबंध जुना आहे. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८९९ साली तेलाची कंपनी काढली. दहाएक वर्षांनी मोटारी आणि विमानांच्या इंजिनांसाठी त्याने एरंडेल मिसळलेलं तेल काढलं, आणि एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर म्हणतात म्हणून त्याचं नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. इतकं रुबाबदार नाव, आणि आत आमच्या आजीचं दर रविवारचं शस्त्र. पहिल्या महायुद्धातली गरगर फिरणारी विमानी इंजिनं हे एरंडेल जाळत आणि उरलेलं वैमानिकाच्या तोंडावर उडवत. आकाशात शत्रू मागे लागलेला आणि पोटात एरंडेल पुढे निघालेलं. त्या शूरांना विचारलं असतं, तर मोबिल पचे ना याचा मराठी अर्थच त्यांनी सांगितला असता. शिवाय एरंडेल वंगण म्हणून झकास असलं तरी ठेवणीचं नाही. हवा लागली की चिकटतं, उष्णतेने त्याचा डिंक होतो. रोजच्या गाड्यांनी म्हणूनच ते सोडलं आणि जमिनीतलं तेल धरलं.

तेव्हा प्रश्न उरलाच. गणपतीत मी पाचही नग पिशवीत भरून हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गेलो. तिथे दरवर्षी एक काका भेटतात, वंगणाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. कोलकाता हे रसगुल्ल्याचं शहर आहे तितकंच वंगणाचंही आहे, हे मला त्यांनीच शिकवलं. दोन स्कॉटिश माणसांनी १८६७ साली इथे काढलेली बामर लॉरी आज वंगण बनवते आणि ते भरायची पोलादी पिंपंही बनवते. व्हीडॉल विकणारी कंपनी इथलीच. वंगणाचं मूळ तेल हल्दियाच्या रिफायनरीत निघतं, म्हणजे तेही घरचंच.

पिशवी खुर्चीखाली ठेवतो न ठेवतो तोच स्वयंपाकघरातून एक मावशी आल्या. "तळणीचं तेल आलं वाटतं," म्हणून त्यांनी एक लिटरचा डबा उचललासुद्धा. आमच्याकडे वैदर्भी मंडळी जास्त, मोदक तळणीचे. मी ओरडलो नसतो तर यंदा बाप्पाला वीस डब्ल्यू चाळीसचा नैवेद्य गेला असता.

काकांनी डबे एका ओळीत मांडून घेतले. देवळात पुजारी नारळ मांडतो तसे.

"अरे, तेल म्हणजे नुसतं तेल नसतं. शंभरात ऐंशी-नव्वद भाग तेल, बाकी फोडणी. फोडणीत साबण असतो, इंजिनाच्या भिंती घासायला. काजळी एका जागी बसू नये म्हणून तिला तरंगत ठेवणारं द्रव्य असतं. जस्ताचं एक संयुग असतं, ते लोखंडावर लोखंड घासू देत नाही. आणि फेस येऊ नये म्हणून सिलिकोनचे अगदी चार थेंब. दूध उतू जाऊ नये म्हणून तुझी आई पातेल्यात बशी टाकायची ना, ती बशी."

"मग हे सगळं खराब होतं का?"

"खवट होतं. हवा लागली, ऊन लागलं की खोबरेल होतं तसं. फक्त सावकाश, कारण खवट होऊ नये म्हणूनही फोडणीत मसाला घातलेला असतो. सीलबंद, सावलीत, कोरडं ठेवलं तर बहुतेक कंपन्या पाच वर्षं धर म्हणतात. पाचावर एक दिवस झाला म्हणून विष होत नाही. पण फार वर्षं पडून राहिलं तर थोडा मसाला तळाशी बसू शकतो. बरणीत खार वर, फोड खाली."

सावलीत होतं. कोरडं? काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. या शहरात जुलैत मीठ बरणीत रडतं, पोह्यांची लापशी होते आणि कपाटातल्या चामड्याच्या बुटांना हिरवी लव फुटते. इथे कोरडं असतं ते फक्त बँकेच्या माणसाचं बोलणं.

मग काकांनी पिंपाची गोष्ट सांगितली, आणि ती मला आजवर ऐकलेल्या कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त लागली. दोनशे लिटरचं तेलाचं पिंप अंगणात उभं ठेवलं की पाऊस त्याच्या माथ्यावर साचतो. माथ्याला कड असते, पाणी थाळीत राहावं तसं राहतं. दिवसा ऊन लागतं, आतली हवा फुगून बुचाच्या आट्यांतून बाहेर सटकते. रात्री गारवा पडतो, आतली हवा आकसते आणि पिंप श्वास आत घेतं. बूच असतं पाण्याखाली. त्यामुळे श्वासाबरोबर पाण्याचा घोटही आत जातो. रोज एक. बूच घट्ट लावलेलं, सील दिसायला ठीक, आणि चार महिन्यांनी आतलं तेल चहासारखं दुधाळ. म्हणून पिंप आडवं निजवायचं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नवाच्या जागी, म्हणजे आतून कायम तेलाखाली. उभंच ठेवणं भाग असेल तर माथ्यावर टोपी घालायची. ऑक्टोबरात जरा वारा सुटला की मंकी टोपी चढवणाऱ्या या शहराला हे वेगळं शिकवायची गरज पडली नसावी.

"आणि हे?" मी गिअर ऑईलचा डबा पुढे केला. त्याचं टोपण जरा उघडताच आरतीला जमलेली पहिली रांग दुसरीत सरकली.

"हे मात्र गेलं," मी म्हणालो. "वास मारतंय."

"अरे, ते जन्मल्यापासून तसंच वास मारतं! गंधक आहे त्यात." गिअरचे दात एकमेकांवर इतक्या जोराने दाबले जातात की साध्या तेलाचा थर मधून निसटतो. तिथे गंधक आणि फॉस्फरस धातूशी संग करून बारीकसा थर धरतात आणि दात वाचतात. ईपी म्हणजे तेच, अतिदाबाचं तेल. हिंगाचा वास गंधकाच्याच संयुगांचा, त्यामुळे मी मनाशी नोंद केली की गिअर ऑईल म्हणजे गाडीच्या स्वयंपाकातला हिंग. पण जास्त तिखट जातीचं गिअर ऑईल पितळी रिंगा असलेल्या गिअरबॉक्सला नको, गंधक पितळ खातं, असं काका म्हणाले. हे मला सांगावं लागलं नाही. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आमटी ठेवली की कळकते, हे ज्याने एकदा खाल्लंय त्याला रसायनशास्त्राची पदवी मिळालेली असते.

ब्रेक ऑईलच्या बाटलीला काकांनी हातही लावला नाही. त्याला तेल म्हणतात एवढंच, तेल नाही ते. हवेतलं पाणी पिऊन घेतं, पापडासारखं. नवं असताना २०५ अंशांना उकळणारं साधं ब्रेक ऑईल पाणी प्यालं की १४०लाच उकळतं, मग पायाखाली ब्रेक नव्हे, नुसती वाफ. उघडी बाटली वर्षभरही ठेवू नये. आमची सव्वीस-सत्तावीस वर्षं अर्धवट झाकणाने हुगळीकाठची हवा पीत होती.

"आणि इंजिनाचे दोन सीलबंद?"

काकांनी डबा उजेडात धरला. "तपासून बघ. पाणी नसेल तर तेल वाईट नाही. पण तुझ्या गाडीत घालू नकोस. त्यात झिरो डब्ल्यू ट्वेंटी लागतं, हे काकवीसारखं. यात जस्त-फॉस्फरस जास्त, नव्या गाडीच्या धुराड्यातली जाळी त्याने खराब होते. तेल अजून लायक आहे, तुझी गाडी त्याच्या लायकीची नाही."

घरी आल्यावर मी तपासणी केली. कृती सोपी आहे. तवा चांगला तापवायचा आणि तेलाचा एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं, नसेल तर मुकाट्याने पसरतं. बायको बाजारात गेल्याची वेळ मी शास्त्रीय कारणासाठी निवडली होती. एका सीलबंद डब्याचं सील तोडून घेतलेला थेंब तव्यावर शांतपणे पसरला, एखादा जुना कारकून खुर्चीत पसरावा तसा. रबर बँडवाल्या कॅनचा थेंब असा तडतडला की मी दोन पावलं मागे सरलो. धूर झाला. समोरच्या गॅलरीतून बोउदींनी, म्हणजे शेजारच्या वहिनींनी, विचारलं, काय रांधताय? मराठी काहीतरी, मी म्हणालो. एवढ्यात बायको आली. पुढचं संभाषण इथे देत नाही. तो तवा आता बाबांच्या नगांबरोबर सहावा म्हणून धरावा लागतो.

दोन चांगले डबे विकावेत म्हणून मल्लिकबाजारला गेलो. जुन्या गाड्यांचे अवयव मिळणारी ही जागा जुन्या सर्क्युलर रोडवर, आणि त्या रस्त्याची कुळकथा आम्हा मराठ्यांना सांगण्यासारखी आहे. १७४२ साली बर्गी येणार, म्हणजे नागपूरकर भोसल्यांची फौज येणार, या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैल खणायचा होता, तीनेक मैल झाला. मराठे काही कोलकात्यात आले नाहीत. खंदक तसाच राहिला, लागेल कधीतरी म्हणून. लोक त्यात कचरा टाकत राहिले. शेवटी १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून हा सर्क्युलर रोड केला. सत्तावन्न वर्षं. बाबांच्या डब्यांना इतका दम धरावा लागलेला नाही. नागपूरचे मराठे मात्र अखेर आलेच, रेल्वेच्या पासवर, आणि येताना बंब घेऊन.

दुकानदाराने डबा उलटसुलट पाहिला. त्याचे डोळे चमकले. "भरलेल्याचे काही नाही. रिकामा करून आणा, डब्याचे तीनशे देतो." पार्क स्ट्रीटच्या बाजूला नवी कॉफीची दुकानं जुने तेलाचे डबे भिंतीला टांगतात म्हणे. आयुष्यभर माल जपला आणि किंमत आली पत्र्याला. मी डबे परत पिशवीत घातले. इतका अपमान बाबांना सहन झाला नसता. तीनशे ऐकून मी क्षणभर थबकलो होतो, हे मात्र त्यांना न कळलेलंच बरं.

सतरा सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी कोलकात्याच्या आभाळात पतंग आणि गॅरेजात हत्तीवर बसलेले विश्वकर्मा. आपण दसऱ्याला गाडीला झेंडू घालतो, ते यांना विचित्र वाटतं, कारण त्या दिवशी दुर्गा सासरी परत निघालेली असते आणि सगळे डोळे पुसत असतात. मिस्त्रींच्या गॅरेजात मी प्रसादाला गेलो, माझी गाडी आदल्या दिवसापासून सर्व्हिसिंगला तिथेच होती. मूर्तीशेजारी एक अॅम्बॅसडर उभी होती, पांढरी, खाजगी, कुणा म्हाताऱ्या डॉक्टरांची. बॉनेटला शेंदूर.

मी पिशवी उघडली. मिस्त्रींनी सीलबंद डबा घेतला, पुन्हा कानाशी हलवला.

"केमोन जिनिश, दादा! असं मोबिल आता मिळतं कुठे. तुमचे बाबा माणूस ओळखायचे, तेल ओळखायचे."

बंगालीत खुशामतीला तेल देणं म्हणतात. हरप्रसाद शास्त्रींनी, चर्यापदांचं हस्तलिखित नेपाळातून शोधून आणणाऱ्या त्या पंडितांनी, 'तैल' नावाचा एक खुसखुशीत लेखच त्यावर लिहून ठेवलाय. तेव्हा कोण कुणाला तेल देतंय हे त्या क्षणी जरा संशयास्पद होतं. पण उरलेल्या डब्याचं सील माझ्यासमोर तुटलं, आणि दुसऱ्या डब्याच्या तळाशी गाळ नाही ना हे मिस्त्रींनी विजेरी लावून पाहिलं. १९९८ च्या दसऱ्याचं तेल डॉक्टरांच्या अॅम्बॅसडरमध्ये गेलं. ते जाताना मधासारखी धार धरत होतं, न तुटता. तडतडणारा कॅन आणि ब्रेकची बाटली मिस्त्रींनी पोड्या मोबिलच्या पिंपाशेजारी वेगळी ठेवली, नेणारा माणूस येतो म्हणाले. गिअर ऑईल त्यांनी वरच्या फळीवर चढवलं. तिथे आणखी नऊ-दहा डबे होते, गंजलेले, वेगवेगळ्या कंपन्यांचे, काहींवर बंगालीत काही लिहिलेलं. मी विचारलं. इथल्या-तिथल्या बाबूंनी आणून दिलेले, मिस्त्री म्हणाले. त्यांनाही टाकवत नव्हते.

रिकामे डबे मी मागून घेतले. सहाशे रुपये सहाशेच असतात.

निघताना मिस्त्रींनी हाक मारली. माझ्या गाडीत तीन लिटर आणि थोडं वर असं तेल लागलं होतं, कॅन साडेतीन लिटरचा. तळाशी राहिलेलं त्यांनी एका लहान बाटलीत ओतून दिलं. पाण्यासारखं पातळ, सोनेरी, बिनवासाचं.

"आपनार जिनिश. रेखे दिन, लागबे."

घरी आलो. नव्या फ्लॅटला जिना नाही, लिफ्ट आहे. बाटली वॉशिंग मशीनच्या मागे सरकवली. मग पुन्हा बाहेर काढली, चिठ्ठी शोधली आणि तारीख घातली.